विचारपूस

गणेश चवथीला आमच्या मडगावच्या घरात नेवऱ्यांचा पहिला घाणा उतरला की आई दोन ताटे भरायची. एक देवापुढे जायचे. दुसरे केळीच्या पानाने झाकून माझ्या हातात यायचे, आणि आवाराच्या पडक्या भिंतीवरून पलीकडे जाऊन मी ते तियोंच्या घरी पोचवायचे. घरातल्या कुणीही तोंडात नेवरी घालण्याआधी. लहानपणी मला ही चवथीचीच एक रीत वाटे. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर एकदा कढईपुढे बसलेल्या आईने माझ्याकडे न पाहता सांगितले, "तुझे बाबा परत आले ते त्यांच्यामुळे. देवाचे ताट आधी की त्यांचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही."

तियो म्हणजे पोर्तुगीजमध्ये काका. नात्याने ते आमचे कुणी नव्हते. ख्रिस्ती, बाबांपेक्षा वीस वर्षांनी मोठे, नोटरीच्या कचेरीत कारकून. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेले. लिस्बन त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण पोर्तुगीज भाषेवर त्यांचा जीव होता. एखादे वाक्य नीट जमले की ते स्वतःशीच मोठ्याने म्हणून बघत. बाबा मराठी शाळेत मास्तर. दोघांचे राजकारण दोन टोकांचे, आणि मधली भिंत जेमतेम कमरेएवढी.

१८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावात सभेला उभे राहिले, तेव्हा त्या गर्दीत बाबा होते. त्या दिवशीची मागणी अगदी साधी होती: बोलायची, लिहायची, चार माणसांनी जमायची मोकळीक. लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागणाऱ्या मुलखात एवढे मागणे हाच गुन्हा होता. त्या वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या सागरी किल्ल्यात धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही समुद्रापलीकडे नेले. तेव्हापासून गोव्यातल्या बायकांना नवऱ्याच्या अटकेपेक्षा त्या दुसऱ्या शब्दाची धास्ती जास्त: 'पलीकडे नेला'.

बाबांना नेले ऑगस्ट १९५५ मध्ये. पंधरा ऑगस्टला सत्याग्रह्यांच्या तुकड्या सरहद्द ओलांडून आत आल्या, गोळीबारात वीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यामागोमाग घराघरांत झडत्या सुरू झाल्या. बाबांच्या ट्रंकेत मुंबईची दोन वर्तमानपत्रे सापडली. एवढे पुरले. मी पाच वर्षांची होते. पुढचे एक्केचाळीस दिवस ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे आईला कळले नाही. ज्या दारी जावे तिथे एकच उत्तर: असा कुणी इथे नाही.

त्या सप्टेंबरात भारताने पणजीतली आपली वकिलात मिटली आणि गोव्यातल्या भारतीयांच्या हिताकडे लक्ष द्यायचे काम इजिप्तने घेतले. त्याचाही आईला उपयोग नव्हता. बाबा भारताचे नागरिक नव्हते. लिस्बनच्या कागदावर ते पोर्तुगीज होते, आपल्याच सरकारने धरलेले. त्यांची विचारपूस करायचा अधिकार जगातल्या कुठल्याच वकिलातीला नव्हता. पुढे वय वाढल्यावर मला याचा अर्थ कळला. परदेशात अडकलेल्या माणसामागे निदान त्याचा देश असतो. स्वतःच्याच सरकारने कोंडलेल्या माणसामागे कायद्याने कुणीच नसते. त्याच्यासाठी जो बोलेल तो परकाच असतो, आणि परक्याला पहिला प्रश्न हाच येतो की तुझा काय संबंध?

तियो एका संध्याकाळी मागच्या दाराने आले. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी आईला विचारले, "घर कुणाच्या नावावर आहे?" आई पुढे सांगायची की त्या क्षणी तिला त्यांचा राग आला होता. माणसाचा पत्ता नाही आणि हे घराचे विचारतात. घर माझ्या आजोबांच्या नावावर होते, ते वारून वर्ष झाले होते. "मग वारसाच्या कागदावर मास्तरांची सही लागेल," तियो म्हणाले, "आणि सही हवी तर मास्तर कुठे आहेत ते सरकारला सांगावे लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीतून एक पत्र गेले. वारसाहक्काच्या कामी सदर इसमाची सही आवश्यक आहे. तो कोठे आहे व सही करण्याइतकी त्याची प्रकृती ठीक आहे काय, हे कृपया कळवावे. जावक क्रमांक, तारीख, शिक्का. उत्तर आले नाही. आठ दिवसांनी पहिल्या पत्राचा क्रमांक घालून दुसरे गेले. मग तिसरे, त्यात आधीचे दोन्ही क्रमांक. तिसऱ्याला दोन ओळींचे उत्तर आले: इसम अमुक ठिकाणी आहे, प्रकृती बरी आहे. आईने तो कागद चवथीच्या माटोळीसारखा छताला टांगायचा काय तो बाकी ठेवला. रोज काढून बघायची.

त्या तुरुंगाच्या आत काय घडले ते बाबांनी मला खूप उशिरा, एकदाच सांगितले. एका सकाळी मारणे थांबले. त्यांना खिडकी असलेल्या खोलीत हलवले आणि एका अधिकाऱ्याने वहीत बघून त्यांचे नाव, वडिलांचे नाव, गाव असे सगळे नीट उच्चारून विचारले, "तब्येत कशी आहे?" बाबा म्हणाले, "त्या प्रश्नात माया नव्हती. पण मला कळले, बाहेर कुणीतरी माझे नाव लिहिले आहे." दीड वर्षाने ते घरी आले, दोन दात आणि एका कानाचे ऐकणे तिथे ठेवून.

तियोंनी या सगळ्याचा उल्लेख कधी केला नाही. कुणी विषय काढलाच तर एक वाक्य म्हणत: "कागदाला नंबर पडला की माणूस हरवत नाही."

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि वारे फिरले. काल ज्यांना सलाम केले त्यांना लोक आज 'पाखल्यांचा माणूस', म्हणजे पोर्तुगिजांचा माणूस, म्हणू लागले. तियोंच्या फाटकावर कुणी डांबराने काहीबाही लिहिले. बाबांनी शाळेला जायच्या आधी बादली-ब्रश घेऊन ते स्वतः पुसले, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे. तियोंच्या निवृत्तिवेतनाचा कागद एका कचेरीत अडकला, तेव्हा बाबांनी महिन्याला एक अर्ज केला. प्रत्येकात मागच्या अर्जाचा क्रमांक. रीत तियोंची, हात बाबांचा. अकराव्या महिन्यात पेन्शन सुरू झाली. मला वाटले होते, फिटले. बाबा म्हणाले, "असले काही फिटत नसते. फेडायला निघालो नव्हतो मी. त्यांनी शिकवले तेवढे केले."

आपल्याला ऋण फेडायची घाई असते. बाबांना ती कधी नव्हती. तियोंचे ऋण त्यांनी घरातल्या समईसारखे जपले. रोज तेल घालायचे, विझू द्यायचे नाही.

माझा स्वतःचा धागा त्यात गुंफला गेला तो मोहन रानड्यांमुळे.

रानडे मूळचे सांगलीचे, आडनाव आपटे. मराठी शिक्षक म्हणून ते फोंडे महालातल्या सावई-वेऱ्याला आले आणि सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात काम करू लागले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. म्हणजे बाबा आत होते त्याच काळात तेही आत गेले. बाबा परतले आणि रानड्यांना मात्र 'पलीकडे' नेले, लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात. तेलो द मास्कारेन्यस यांचीही तीच गत झाली. कुइंब्रात कायदा शिकलेला, पोर्तुगालमध्ये न्यायाधीश राहिलेला हा कवी मुंबईहून 'रेसुर्ज, गोवा!' हे पत्र काढत असे. १९५९ मध्ये त्यांना धरले.

गोवा मुक्त झाला तेव्हा भारताच्या ताब्यात तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक होते. मे १९६२ पर्यंत ते सगळे मायदेशी परतले. रानडे आणि मास्कारेन्यस तिकडेच राहिले. बाबांना ही गोष्ट शेवटपर्यंत सलत असे. लिस्बनचे म्हणणे असे की गोवा आमचाच प्रांत आहे, कैदी आमचे आहेत, खटला आमच्या न्यायालयात झाला; दिल्लीचा संबंध काय? दोन देशांत राजनैतिक संबंधच उरले नव्हते. लिस्बनमध्ये भारताचा राजदूत नव्हता, दार ठोठावायला हात नव्हता. माझ्या आईपुढे १९५५ मध्ये उभी राहिलेली भिंत आता एका सबंध देशापुढे उभी होती.

अशा वेळी दार शोधतात ती खासगी माणसे. महाराष्ट्रात सुधीर फडक्यांनी रानडे विमोचन समितीचे काम अंगावर घेतले. 'गीतरामायणा'चा आवाज म्हणून घरोघर माहीत असलेला हा माणूस १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात स्वतः उतरला होता. समितीची बातमी बाबांच्या कानावर आली त्याच संध्याकाळी ते भिंतीपलीकडे गेले. मला वाटले होते, तियो नाही म्हणतील. ज्या राजवटीत त्यांची उमेद गेली तिच्यावर शस्त्र उचललेला माणूस हा. तियो बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, त्याने केले ते मला मान्य नाही. पण एवढी वर्षे झाली. त्याची तब्येत कशी आहे, हे विचारायला मला त्याच्याशी सहमत असावे लागत नाही."

त्यांच्या हातांना कंप सुटला होता, लेखणी धरवत नव्हती. म्हणून मला बोलावले. सतरा वर्षांची होते मी. सेगुंद ग्रावपर्यंतचे, म्हणजे प्राथमिकचे, माझे पोर्तुगीज त्यांनीच घासूनपुसून घेतले होते. रोज संध्याकाळी तिन्हीसांजेच्या प्रार्थनेनंतर तासभर ते सांगायचे आणि मी लिहायचे. पत्रे जात जिनिव्हाच्या रेडक्रॉसला, दिल्लीतल्या पोपच्या वकिलातीला, पोर्तुगालमधल्या बिशपांना. थेट टपालाचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून काही पाकिटे लंडनच्या भाचीमार्फत फिरून जात. प्रत्येकाची नोंद हिरव्या पुठ्ठ्याच्या एका लांबट वहीत व्हायची: क्रमांक, तारीख, कैद्याचे नाव, कुणाला लिहिले, उत्तर.

त्या टेबलावर मी जे शिकले ते पुढे कुठल्या विद्यापीठात मिळाले नाही. "बाय, विशेषणे काढ," ते म्हणत. "अमानुष, क्रूर, हे शब्द आपल्या समाधानासाठी असतात. वाचणाऱ्याला त्याने पत्र बाजूला सारायचे निमित्त मिळते." नाव पूर्ण हवे, अटकेची तारीख हवी, कुठल्या कलमाखाली ते हवे. मागणी एकच हवी, आणि ती समोरच्या माणसाला आपल्या अधिकारात पुरी करता येईल अशी. सोडा म्हणण्याआधी डॉक्टरला दाखवा म्हणा, पत्र द्या म्हणा, उजेडाची खोली द्या म्हणा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मागे फिरायला दार ठेवा. "सरकारला चूक कबूल करायला लावशील तर माणूस आत राहील," ते म्हणत. "सोडताना त्यांना आपण मोठ्या मनाचे आहोत असे वाटले पाहिजे. वाटू दे. आपल्याला माणूस हवा आहे."

बाबांना हे सगळे पटत नसे. त्यांना सभा हव्या होत्या, ठराव हवे होते, वर्तमानपत्रात नाव छापून यायला हवे होते. "गुपचूप लिहिलेली पत्रे गुपचूप टोपलीत जातात," ते म्हणत. यावर दोघांचे भांडण होई, भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून, अंधार पडेपर्यंत. मी दोघांचे ऐकत असे आणि मला दोघेही खरे वाटत. आजही वाटतात. राजनैतिक प्रयत्न मुका असावा की बोलका, हा वाद मी पुढे मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला. त्याचे उत्तर मला त्या भिंतीपाशीच मिळाले होते. बाहेर कुणी नाव घेत असेल तरच आत हळू आवाजात केलेल्या विनंतीला वजन येते. आणि आत कुणी हळू आवाजात बोलणारा नसेल तर बाहेरच्या घोषणेला शिरायला दार मिळत नाही.

आमच्याच गोव्यात तेव्हा मोन्सेन्योर मोंतेरो या धर्मगुरूंवर खटला चालू होता. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व सोडायला नकार दिला होता आणि घरही सोडायला. जिनिव्हा करारांचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; मार्च १९६९ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. तियो त्यांच्यासाठीही लिहीत, भारतीय अधिकाऱ्यांना. आता कपाळाला आठी घालायची पाळी बाबांची होती. पण शाई संपली तेव्हा दौत त्यांनीच आणून दिली. त्या वहीत रानडे, मास्कारेन्यस आणि मोंतेरो एकाच पानावर आहेत. तीन माणसे, तीन वेगळ्या निष्ठा, एकच रकाना.

१९६१ च्या मे महिन्यात लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये पीटर बेनेनसन या वकिलाने विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली, हे मला पुढे कळले. स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला म्हणून पोर्तुगालमध्ये दोन विद्यार्थ्यांना शिक्षा झाल्याचे वाचून आपण पेटलो, असे बेनेनसन सांगत. त्यांच्या त्या पहिल्या सहा कैद्यांत पोर्तुगालने कोंडलेला अंगोलाचा कवी-डॉक्टर आगुस्तिन्यू नेतो होता. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या राजवटीच्या तुरुंगाकडे तोंड करून लंडनचा वकील लिहायला बसला, तिच्याच तुरुंगाकडे तोंड करून मडगावचा एक कारकून त्याच्या सहा वर्षे आधी बसला होता. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. ॲम्नेस्टीच्या नियमात शस्त्र उचललेला रानडे बसला नसता. तियोंच्या वहीत बसला.

आमची पत्रे सुरू व्हायच्या आधी, १९६४ च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईला आले. तियो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून दर्शनाला गेले होते. पोपने भारतात जावे याचा लिस्बनला राग आला, आणि तियोंनी त्यातून अचूक अनुमान काढले. ज्याच्या जाण्याने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला राग येतो त्याचे म्हणणेही सालाझारला टाळता येणार नाही. दिल्लीपुढे नमते घेणे लिस्बनला अशक्य होते. पोपपुढे नमते घेणे म्हणजे धर्मनिष्ठा ठरणार होती. दार होते ते तिथे. ते उघडायला योग्य माणूस हवा होता.

तो माणूस आमच्या कुणाच्याही कल्पनेत नव्हता. १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई परदेश दौऱ्यात व्हॅटिकनला गेले आणि पोपच्या भेटीत त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी रदबदली केली. कांचीपुरमचा हा तमिळ नेता, ईश्वरापेक्षा माणसावर भिस्त ठेवणाऱ्या चळवळीत वाढलेला. आणि तो ख्रिस्ती धर्मगुरूपुढे सांगलीच्या एका मराठी मास्तरासाठी शब्द टाकतो. भेटीत माणूस स्वतःसाठी काय मागणार, आपल्या राज्यासाठी काय मागणार, याला मर्यादा नसते. त्यांनी एक नाव घेतले. तियोंनी ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "त्याचा काय संबंध?" मी भाबडेपणाने विचारले. तियो म्हणाले, "काही नाही. म्हणूनच तर ऐकतील."

त्या सप्टेंबरात आजारी सालाझारच्या जागी मार्सेलु कायतानु आले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. फडक्यांच्या समितीमुळे, अण्णादुराईंमुळे, पोपमुळे की लिस्बनमधल्या बदलामुळे, असे वाटे पाडायची मला इच्छा नाही. इतके हात एका दाराला लागले तेव्हा ते उघडले. आमच्या पत्रांनी त्यात काही केले असे मी कधी म्हणणार नाही. बातमी आली त्या दिवशी बाबा अंगणात लहान मुलासारखे रडले. तियोंनी वही मागितली, तारीख विचारली आणि कापऱ्या हाताने रानड्यांच्या ओळीखाली स्वतः रेघ मारली. मग मास्कारेन्यस यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही अजून उघडी आहे. बस." ती रेघ १९७० मध्ये पडली.

त्याच आठवड्यात त्यांनी मला पहिल्यांदा एकटीने पत्र लिहायला सांगितले. अण्णादुराईंचे आभार, इंग्रजीत, विशेषणे वगळून. मी पाच मसुदे केले. सहावा त्यांना पसंत पडला. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावले, आणि टपालात टाकायच्या आदल्या दिवशी रेडिओने सांगितले की अण्णादुराई गेले. ३ फेब्रुवारी १९६९. मी तियोंकडे धावत गेले. काय करू या पत्राचे? ते म्हणाले, "नंबर पडलाय ना? ठेव. नंबर रद्द करायचा नसतो." मायदेशी परतलेले रानडे मद्रासला जाऊन त्यांच्या समाधीपुढे नतमस्तक झाले, ही हकिगत पुढे अनेकांनी लिहिली. ज्याचे देणे होते तो भेटलाच नाही. तेरा वर्षांहून अधिक काळच्या कोंडवासातून बाहेर आलेल्या माणसाची यात्रा एका समाधीपाशी व्हावी, हे मला आजही सहज आठवता येत नाही. घसा भरून येतो.

तियो १९७३ च्या पावसाळ्यात गेले. आठ महिन्यांनी, २५ एप्रिल १९७४ ला, लिस्बनमध्ये सैनिकांनी राजवट उलथली आणि दोन दिवसांत काशियसचे राजकीय कैदी बाहेर आले. त्या वर्षअखेरीस भारत-पोर्तुगाल करार होऊन तुटलेले संबंध जुळले. बाबा भिंतीपाशी जाऊन बराच वेळ पलीकडच्या बंद खिडकीकडे बघत उभे होते. ज्याच्याशी भांडायचे तोच नव्हता.

वही माझ्याकडे आली. लग्नानंतर पुण्याला, शिक्षकी पेशात, दोन मुलांच्या आजारपणात, ती कधी बंद झाली नाही. आज मानवी हक्कांच्या रक्षकांसाठी जगात पुष्कळ कागद आहेत. १९९८ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आहे. २००४ पासून युरोपीय संघाच्या वकिलातींना सूचना आहेत की अशा माणसांच्या खटल्याला हजर राहा, तुरुंगात भेटायला जा. २३ डिसेंबर २००९ ला बीजिंगमध्ये चिनी लेखक लिऊ शियाओबोंचा खटला चालला तेव्हा अनेक देशांचे राजनैतिक अधिकारी न्यायालयाबाहेर कडाक्याच्या थंडीत उभे होते. आत सोडले नाही, तरी गेले नाहीत. ते छायाचित्र पाहिले आणि मला उंबऱ्यात उभे राहिलेले तियो दिसले. लिऊंना अकरा वर्षांची शिक्षा झाली, जुलै २०१७ मध्ये ते कैदेतच गेले. जर्मनी आणि अमेरिकेच्या डॉक्टरांना त्यांच्या खाटेपर्यंत जाता आले, त्यांना खाटेवरून उचलून नेता आले नाही. वर्षभराने, १० जुलै २०१८ ला, त्यांच्या पत्नी लिऊ शिया जर्मनीच्या प्रयत्नांमुळे बर्लिनला पोचल्या. माझ्या वहीत त्या दोन ओळी एकाखाली एक आहेत. एकीखाली रेघ मारताना दुसरीवर हात ठेवावा लागला.

बहरीनचे मानवी हक्क कार्यकर्ते अब्दुलहादी अल-ख्वाजा यांची ओळ २०११ ची आहे. ते डेन्मार्कचेही नागरिक. जन्मठेप झाली, २०१२ मध्ये त्यांनी ११० दिवस उपोषण केले, डेन्मार्कने पुन्हा पुन्हा त्यांना मागितले. माझ्या वहीत त्यांच्यापुढचा शेवटचा रकाना कोरा आहे. अशा कोऱ्या रकान्यांनी मी पूर्वी खचून जात असे. मग आईची आठवण येई. दोन पत्रे अनुत्तरित राहिली तेव्हाही बाबा त्या कोऱ्या जागेतच जिवंत होते.

माझ्यावर कुणाकुणाचे ऋण आहे? तियोंचे आहे, त्यांच्यामुळे मला बाबा मिळाले. बाबांचे आहे, ज्याच्याशी पटत नाही त्याचे फाटक पुसावे, हे त्यांनी दाखवले. आणि ज्यांच्याशी माझी कधी भेट नाही त्या अण्णादुराईंचे आहे. 'तुझा काय संबंध?' या प्रश्नापुढे कसे उभे राहावे, ते मी त्यांच्याकडून घेतले. विचारपूस हा आपल्या घरगुती बोलण्यातला शब्द. आजाऱ्याची करतो, माहेरवाशिणीची करतो. मला वाटते, वकिलाती, करार, शिष्टमंडळे यांच्या गाभ्यात तोच शब्द आहे. अमुक माणूस कसा आहे? तो कुठे आहे? आणि उत्तर आले नाही तर पुन्हा, मागच्या पत्राचा क्रमांक घालून: तो कसा आहे?

मडगावची भिंत आता नाही, तियोंच्या घराच्या जागी तीन मजले उभे आहेत. पण चवथीला पहिला घाणा उतरला की मी अजून दोन ताटे भरते. एक देवापुढे ठेवते. दुसरे केळीच्या पानाने झाकते, बाजूला ठेवते आणि वही उघडते. घरातली नातवंडे आता थांबायला शिकली आहेत. शेवटच्या क्रमांकाखाली पुढचा क्रमांक टाकते, तारीख घालते, नाव पूर्ण लिहिते आणि ते वाक्य, तियोंनी सांगितले तसे, एकही विशेषण न घालता: सदर व्यक्ती कोठे आहे व तिची प्रकृती कशी आहे, हे कृपया कळवावे.

मग मुलांना नेवऱ्या वाढते.